सासुरवाडीचं विमान

माणसाला विमानतळावर सोडायला जाणं हा काकांच्या मते निव्वळ दिखाऊपणा होता. "जाणारा जातोच," ते म्हणायचे, "त्याला कुणी सोडलं काय, नाही सोडलं काय. घ्यायला जावं येणाऱ्याला." स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी डॅलसच्या विमानतळावर टॅक्सीनं पाठवलं होतं आणि वर काकूंना सांगितलं होतं की, परत येईल तेव्हा हारतुरे घेऊन उभा राहीन. मेव्हणा पुन्हा आला नाही, हा भाग वेगळा.

येणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांचा उत्साह काही विचारू नका. डॅलसला लागूनच्या आमच्या अर्विंगमध्ये कुणाकडे पाहुणे यायचे असोत, कंपनीनं भारतातून नवा पोरगा आणलेला असो, काका ओळख ना पाळख गाडी काढून हजर. मी पुण्याहून एच-वन व्हिसावर पहिल्यांदा उतरले तेव्हा दारापाशी एक बुटका, टक्कल पडलेला गृहस्थ सरळ माझ्या दिशेनं चालत आला आणि माझी बॅग ओढू लागला. हातात ना बोर्ड, ना कागद. मी घाबरून म्हटलं, "एक्सक्यूज मी?"

"बोर्ड कशाला लागतो?" ते शुद्ध मराठीत म्हणाले. "आपला माणूस दाराबाहेर आला की आधी पासपोर्ट चाचपतो. तू दोनदा चाचपलास. पुण्याची ना?"

गाडीत त्यांनी माझ्या हातात दहीभाताचा डबा दिला आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. विमानातून उतरलेल्या माणसाला बोलायला लावू नये, खायला घालावं, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा कळलं की, हेच माझे बॉस.

आमची एअरलाइन मोठी होती आणि तिचं मुख्य ठाणं डॅलस. नवं विमान कुठे न्यावं, कुठलं बंद करावं, याचा अभ्यास करणारा एक छोटा ग्रुप होता. काका त्याचे प्रमुख आणि खाली आम्ही चौघं, सगळे व्हिसावरचे. अमेरिकेत बॉसला पहिल्या नावानं हाक मारायची रीत. माझी जीभ काही रेटेना. साठीला टेकलेल्या, सोलापूरच्या माणसाला एकेरी नावानं हाक मारणं मला जमणार नव्हतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: मीटिंगमध्ये नाव, पार्किंग लॉटमध्ये काका. मीटिंगमध्येही मी नाव टाळायचेच आणि नुसता हात करायचे. ते मला दोन्हीकडे 'पुणेकर' म्हणायचे.

त्यांचं हे 'येणाऱ्याचं' वेड विमानतळापुरतं नव्हतं; घरी परतणारा म्हणजे त्यांच्या हिशेबी येणाराच. मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना स्टेजवर मिरवायचं असतं. काका वर्षानुवर्षं पार्किंग कमिटीवर होते, आणि त्यातही लोक येताना हे आत बसून चहा प्यायचे. घोळ घालत, हॉर्न वाजवत लोक आपापल्या गाड्या लावायचे. कार्यक्रम संपायची वेळ आली की मात्र अंगात पिवळं जाकीट चढवून मैदानात. नाटकवाल्यांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही, कारण शेवटचा प्रवेश चालू असतानाच ते मागची दारं उघडून ठेवायचे. एकदा दिग्दर्शक तावातावानं धावत आला. "अहो, नायिका मरतेय तिकडे आणि तुम्ही दारं काय उघडताय?"

"मरू दे की निवांत," काका म्हणाले. "लोकांना सकाळी ऑफिस आहे."

हे असं का, याच्यावर आम्ही पोरांनी बरेच तर्क लढवले. तरुणपणी ते ओक्लाहोमात तेलाचं इंजिनिअरिंग शिकायला आले होते, तेव्हा नक्कीच कधीतरी घरी पोचायला उशीर झाला असणार, कुणाची तरी शेवटची भेट हुकली असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. एकदा जेवताना धीर करून विचारलं. काका म्हणाले, "उगाच माझ्या आयुष्यात कारण शोधू नकोस. कारणं गोष्टीला लागतात. विमानाला पॅसेंजर लागतात." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कसली भेट नि कसलं काय. लग्नाच्या वऱ्हाडातही हे असेच होते. मांडवात पोचायच्या आधी परतीच्या बसचं विचारत होते." तो विषय तिथेच संपला.

दोन हजार सहा-सातचे दिवस. तेलाचे भाव वर वर चालले होते आणि एअरलाइनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इंधनाच्या बिलापायी मोठमोठ्या कंपन्यांना घाम फुटलेला. आमच्याकडे फुकट कॉफी बंद झाली, त्यावरून परिस्थिती कळली. अशात काकांनी प्रस्ताव मांडला की, डॅलसहून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका तेलाच्या शहराला थेट विमान सुरू करावं. "ज्या तेलानं आपला गळा धरलाय," ते म्हणाले, "ते तेल काढायला माणसं जातातच ना? भाव जेवढा चढेल, तेवढी जास्त जातील. मग आपल्याच विमानातून जाऊ देत."

असले बेत गुप्त ठेवतात, दुसऱ्या एअरलाइनला वास लागू नये म्हणून. शहराला टोपणनाव हवं होतं. काकांनी नाव ठेवलं 'सासुरवाडी'. आमच्या व्हाइस प्रेसिडेंट बाई, ऑफिसात आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, पक्क्या टेक्सासच्या. त्यांनी अर्थ विचारला. काका म्हणाले, "जिथे पुरुषाचा भरपूर पाहुणचार होतो आणि तरी त्याचं सगळं लक्ष घरी असतं, अशी जागा." बाई खूष झाल्या. त्यानंतर दोन वर्षं ती मंडळी टाय लावून, गंभीर चेहऱ्यानं 'सासूरवॉडी'ची मागणी, 'सासूरवॉडी'चं लँडिंग यावर बोलत बसायची आणि आम्ही चौघं टेबलाखाली एकमेकांचे पाय दाबून हसू आवरायचो.

प्रस्तावाला पहिला विरोध सोपा होता. तेलवाले ह्युस्टनला राहतात, आपण डॅलसला. आपल्याकडे कोण येणार? काकांना तक्ते, आलेख यांचा मनापासून कंटाळा. ते काम आमचं. त्यांची पद्धत एकच, जाऊन बघायचं. ते मला घेऊन सकाळी सकाळी विमानतळाच्या त्या टोकाला जायचे, जिथे छोट्या गावांची छोटी विमानं लागतात. तिथे एका रांगेत बसलेली माणसं मी पहिल्यांदा नीट पाहिली. जाडजूड बूट, उन्हानं रापलेल्या माना, पायाशी कॅनव्हासच्या पिशव्या.

"बघ, पुणेकर," काका म्हणाले. "तेल विकणारे ह्युस्टनला राहतात. तेल काढणारे राहतात लुइझियानात, ओक्लाहोमात, मिडलंडमध्ये. आणि तिथल्या प्रत्येक गावाहून आपलं विमान आत्ताच इथे येतं."

त्यांच्यातला एक रॉय. लुइझियानातल्या लॅफयेटचा, आफ्रिकेजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरीवर ड्रिलर. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. काकांच्या खिशात पत्त्यांचा जोड कायम असायचा. त्यांनी रॉयला आणि त्याच्या दोन सोबत्यांना मेंढीकोट शिकवला. विमानाला उशीर झाला की ही चौकडी जमिनीवर बसकण मारायची आणि रॉय "मेंडी! मेंडी!" म्हणून असा ओरडायचा की गेटवरची बाई दचकायची. पत्ते पिसता पिसता काका फक्त एकच गोष्ट विचारायचे. तिकीट केवढ्याचं, खाणं कसं, सीट कशी, यातलं काही नाही. "घरी कधी पोचतोस?"

रॉयनं सांगितलं ते असं. जाताना त्याची काही तक्रार नव्हती. उशीर झाला तर तो कंपनीचा वेळ. पण येताना युरोपात विमान बदलून डॅलसला पोचेपर्यंत रात्र होते, तोवर लॅफयेटचं शेवटचं विमान गेलेलं असतं. महिनाभर समुद्रात काढून शेवटची रात्र घरापासून तासाभराच्या उड्डाणावर, हॉटेलात. एकदा राहवलं नाही म्हणून त्यानं गाडी भाड्यानं घेतली, वाटेत डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. तेव्हापासून बायकोनं शपथ घातलेली की, गाडी चालवायची नाही. आता तो हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावून बसतो. हे सांगताना तो हसत होता, पण त्यानं हातातलं पान चुकीचं टाकलं.

परतताना काका म्हणाले, "जाताना माणूस कंपनीचा असतो. येताना तो त्याचा स्वतःचा असतो. पैसे कंपनी देते म्हणून आपण कंपनीलाच विचारत बसतो, की जायला कुठली वेळ बरी. गाढव आहोत आपण."

आणि त्यांनी सासुरवाडीचं वेळापत्रक उलटीकडून बांधलं. आधी परतीचं विमान. ते डॅलसला भल्या सकाळी उतरलं पाहिजे, म्हणजे छोट्या गावांची सकाळची पहिली विमानं मिळतील आणि माणूस दुपारच्या जेवणाला घरी असेल. त्यासाठी मोठं विमान आफ्रिकेत संध्याकाळभर नुसतं उभं ठेवायचं आणि रात्री सोडायचं. एअरलाइनमध्ये विमान उभं ठेवणं म्हणजे पाप. वेळापत्रक खात्याचा प्रमुख, सहा फुटांचा टेक्सन, हे ऐकून अक्षरशः खुर्चीतून उठला होता.

शेवटची मीटिंग मला अजून जशीच्या तशी दिसते. मोठ्या बाई मध्यभागी. त्या टेक्सननं आपलं वेळापत्रक पडद्यावर लावलं: विमान पोचलं की सफाई करून लगेच परत, डॅलसला मध्यरात्री. विमान कुठेही रिकामं उभं नाही. बोलणं इंग्रजीतच झालं, मी मराठीत सांगते.

बाई म्हणाल्या, "मला मार्ग पसंत आहे. या वेळापत्रकावर आजच होकार देऊन टाकू."

"मग नको," काका म्हणाले. "मार्ग सुरू करू नका."

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "दोन वर्षं तुम्हीच मागे लागलात ना?"

"हो. युरोपातून येणारी विमानं त्यांना आजही रात्री आणून टाकतात. तेच आपण करायचं, तर ते जुनं सोडून आपल्याकडे का येतील? उभ्या विमानाचं भाडं पडतं, कबूल. पण उभं विमान तेल पीत नाही, आणि सध्या आपल्याला मारतंय ते तेल. सासुरवाडीला संध्याकाळी पोचलेला जावई जेवून निघतो. विमानही जेवून निघेल."

शेवटचं वाक्य कुणाला कळलं नाही. पण टेक्सन तयारीनं आला होता. त्यानं शांतपणे पुढचं पान लावलं. तो आमचा तक्ता होता. आम्हा चौघांनी केलेला.

"तुमचेच लोक म्हणतात," तो काकांना म्हणाला, "की सकाळी उतरलेल्या पॅसेंजरला इमिग्रेशनमधून बाहेर यायला अडीच तास लागतात. म्हणजे पहिलं विमान चुकणार. दुपारचं मिळणार. मग त्या तेवढ्या फायद्यासाठी विमान संध्याकाळभर उभं?"

काकांनी चष्मा वर केला, तक्ता वाचला आणि माझ्याकडे वळले. "पुणेकर, हे अडीच तास कुठून आणले?"

"रांगेतून," मी म्हटलं.

"कुठल्या रांगेतून?"

"इमिग्रेशनच्या. म्हणजे रांग, मग बोटांचे ठसे, मग कागद, कुणाला आतल्या खोलीत बसवतात, मग तिथले प्रश्न... मला तीन तास लागले होते. आपल्या ग्रुपमधल्या प्रसादला पावणेतीन. आम्ही कमीच धरलेत."

काकांना हसू फुटलं. हसता हसता ते बाईंकडे वळले. "तुम्ही लंडनहून परत आलात, तेव्हा किती वेळ लागला?"

बाई आठवू लागल्या. "रांग अशी नव्हतीच. पंधरा मिनिटं? वीस?"

"आणि तुम्हाला?"

टेक्सननं खांदे उडवले. "त्यानं पासपोर्ट बघितला आणि 'वेलकम होम' म्हणाला. संपलं."

आम्हा चौघांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. त्या देशात शिरणं ही आमच्या लेखी परीक्षा होती. फाइल छातीशी धरून, उत्तरं पाठ करून द्यायची. आम्ही प्रत्येक येणाऱ्याला, लॅफयेटच्या रॉयलासुद्धा, आमच्याच रांगेत उभं केलं होतं. कुणी तिथे आपल्या घरी परत येतं आणि त्याला का आलास म्हणून विचारत नाहीत, हे चार हुशार डोक्यांपैकी एकातही आलं नव्हतं. सगळी खोली हसत होती, मीही हसले, पण मला आत कुठेतरी चांगलंच लागलं. दहा वर्षं त्या तक्त्यावर काम केलं असतं तरी तो आकडा मला चुकीचा वाटला नसता.

टेक्सन मात्र दिलदार निघाला. त्यानं तिथल्या तिथे आकडा बदलला. तक्त्यातली सगळी पहिली विमानं हिरवी झाली, म्हणजे मिळू लागली.

बाईंनी हिरवा झालेला तक्ता पाहिला. मग म्हणाल्या, "ठीक. तुमच्या वेळेनं. पण एकच हंगाम. नाही चाललं तर मार्ग बंद आणि तुमचा ग्रुपही बंद. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"चालेल," काका म्हणाले. आमच्याकडे बघितलंही नाही.

पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं. रागानं माझा आवाज चढला होता. "काका, चालेल काय चालेल? नोकरी गेली तर मला बॅगा भराव्या लागतील. ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यात आहे. तुम्ही सिटिझन आहात, तुमचं काय जातंय? निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात!"

"आणि मग मलाही भीती वाटली असती. तू कशाला काळजी करतेस? विमान भरेल."

"कशावरून?"

"माणसाला घरी जायचं असतं," ते म्हणाले, आणि गाडीत बसून गेले. एवढ्या भांडवलावर हा माणूस चार जणांची आयुष्यं डावावर लावून मोकळा झाला होता. मी त्या दिवशी काकूंना फोन करून तासभर त्यांच्या नवऱ्याची तक्रार केली. काकू म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं मी हेच म्हणतेय."

पहिलं विमान निघालं त्या दिवशी गेटवर केक होता, रिबन होती, बाईंचं भाषण होतं. सगळं ऑफिस हजर. काका नव्हते. फोन केला तर काकू म्हणाल्या, झोपलेत. बाई नाराज झाल्या, मी काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेली.

पुढे तो मार्ग चालला. हंगाम संपला तेव्हा आमचा ग्रुप जागेवर होता आणि माझी फाइलही यथावकाश पार पडली. पण मला विचाराल तर निकाल त्याआधीच, पहिलं विमान परत आलं त्या सकाळी लागला होता.

काकांनी मला उजाडायच्या आत घरून उचललं. दहीभात नव्हता, बोलणंही नव्हतं. कस्टम्सच्या बाहेरच्या दाराशी आम्ही उभे राहिलो. विमान उतरल्याचं पाटीवर दिसलं. लॅफयेटच्या विमानाची वेळही त्याच पाटीवर, थोडी खाली. आधी सुटातले दोघं-चौघं चाकांच्या बॅगा ओढत बाहेर आले. मग बराच वेळ कुणीच नाही. मी घड्याळ, पाटी, दार, परत घड्याळ असं करत होते. माझ्या डोळ्यांसमोर तो अडीच तासांचा आकडा नाचत होता. आमचंच खरं निघालं तर? काका खांबाला टेकून उभे होते, ढिम्म.

दार उघडलं आणि रॉय आला. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्यानं आम्हाला पाहिलं. नक्की पाहिलं, त्याची नजर काकांवर स्थिरावली. काकांनी हात वर केला. रॉयनं पाटीकडे एक नजर टाकली, पिशवी घट्ट धरली आणि आमच्या अंगावरून पळत सुटला. हॅलो नाही, मान हलवणं नाही. बूट धाडधाड वाजवत तो दुसऱ्या टोकाच्या गेटाकडे नाहीसा झाला. त्याच्या मागून आणखी पाच-सहा जण, तसेच पळत.

मला भयंकर राग आला. दोन वर्षं या माणसानं ज्याच्यासाठी भांडून घेतलं, स्वतःची नोकरी पणाला लावली, आणि आमचीसुद्धा, त्याला थांबून दोन शब्द बोलता येऊ नयेत? काकांची समजूत घालावी म्हणून मी वळले. त्यांचा हात अजून वरच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना इतकं खूष कधीच पाहिलं नव्हतं.

"बघितलंस, पुणेकर?" ते म्हणाले. "थांबला नाही! विमान चुकलं असतं, तर पत्ते खेळत बसला असता माझ्याशी."